महाराष्ट्राच्या ४८ खासदारांना खुले पत्र: समितीत बसणाऱ्याचा धंदा मतदाराला कळायला हवा

महाराष्ट्रातून लोकसभेवर निवडून गेलेल्या सर्व ४८ सदस्यांस,

सादर नमस्कार.

मी सोलापूरची, व्यवसायाने दंतवैद्यक. तोंडाच्या कर्करोगाच्या उंबरठ्यावर असलेले रुग्ण माझ्याकडे येतात, त्यामुळे तंबाखूविषयीच्या कायद्यांवर आणि नियमांवर माझे लक्ष असते. पण तंबाखू बंद करा, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. एखादा नियम दिल्लीत तयार होतो, राजपत्रात छापला जातो, आणि लागू व्हायला आठवडा उरला असताना थांबतो. तो कोणाच्या सांगण्यावरून थांबला, थांबवणाऱ्यांपैकी कोणाचा त्यात पैसा गुंतला होता, हे शोधून काढण्याची सरळ सोय मतदाराला आजही नाही. ती सोय लोकसभेने करावी, आणि त्यासाठी महाराष्ट्राच्या खासदारांनी पुढाकार घ्यावा, अशी माझी मागणी आहे. पुढाकार महाराष्ट्राकडूनच का, याचे कारण पुढच्या हकिगतीत आहे.

१५ ऑक्टोबर २०१४ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एक अधिसूचना काढली. डॉ. हर्षवर्धन तेव्हा आरोग्यमंत्री होते. तोवर सिगारेट, विडी आणि तंबाखूच्या पाकिटावर पुढच्या एकाच बाजूला ४० टक्के जागेत धोक्याचे चित्र आणि मजकूर असे. नव्या नियमाने दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग चित्र आणि सूचनेसाठी राखायचा होता: ६० टक्के चित्र, २५ टक्के मजकूर. १ एप्रिल २०१५ पासून हे लागू होणार होते.

मार्च २०१५ मध्ये लोकसभेच्या दुय्यम विधान समितीने अंतरिम अहवाल दिला आणि नियम तूर्त रोखून धरा, अशी शिफारस केली. २६ मार्चला मंत्रालयाने तारीख पुढे ढकलली. ही समिती १५ सदस्यांची असते. कायद्याने सरकारला नियम करण्याचे जे अधिकार दिले आहेत, ते सरकार नीट वापरते की नाही हे पाहणे तिचे काम. तिचे अध्यक्ष होते आपल्या अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी. तंबाखूमुळे कर्करोग होतो असे सांगणारे सगळे अभ्यास परदेशातले आहेत, भारतातला अभ्यास नाही, तो आधी व्हायला हवा, आणि विडीवर अनेक राज्यांतल्या लोकांची रोजीरोटी आहे, असे त्यांचे जाहीर म्हणणे होते. समितीत अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता हेही सदस्य होते. त्यांचा स्वतःचा विडीचा मोठा व्यवसाय होता.

हे दोघेही २०२१ मध्ये आपल्यातून गेले. गेलेल्या माणसांवर राग काढण्यासाठी मी त्यांची नावे घेतलेली नाहीत. गुप्तांनी आपला धंदा लपवला नव्हता, तो सगळ्यांना ठाऊक होता. आणि तरीही विडीच्या पाकिटावर काय छापावे, हे तपासणाऱ्या समितीत ते बसू शकले. ज्याचे शेत बांधाला लागून आहे त्याने बांधाच्या वादात पंच होऊ नये, एवढे आपल्या कोणत्याही गावात न सांगता समजते. देशाच्या संसदेत ते समजायला वर्तमानपत्रांत आरडाओरडा व्हावा लागला.

१ एप्रिल २०१५ उजाडला. नवी चित्रे यायची ती आली नाहीत. केंद्र सरकारच्याच तंबाखूविरोधी जाहिरातीत स्वतःचा चेहरा आणि स्वतःची कहाणी देणारी मध्य प्रदेशातली तरुणी नेमकी त्याच दिवशी वारली. वय २८, पदरी दोन मुले. मरणापूर्वी तिने पंतप्रधानांना पत्र लिहून पाकिटावरचे चित्र मोठे करा, अशी विनंती केली होती. समितीपुढे निवेदने देणाऱ्यांत तिच्यासारखीही माणसे असायला हवी होती.

आता त्या ‘भारतातला अभ्यास नाही’ या मुद्द्याकडे येते, कारण माझ्यासारख्या दंतवैद्यकाला तो मुद्दा सहन होण्यासारखा नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतसंशोधनाचा एक विभाग होता. डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी १९६० च्या दशकापासून गावोगाव फिरून लोकांची तोंडे तपासत होते. त्यांचा एक अभ्यास १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. त्यात किती माणसे तपासली होती? १ लाख १ हजार ७६१. आणि ती माणसे होती महाराष्ट्रातल्या खेड्यांतली. केरळ, आंध्र आणि गुजरातमधल्या जिल्ह्यांत याच विभागाने वर्षानुवर्षे त्याच माणसांची पुन्हा पुन्हा तपासणी केली. पुढे २००८ मध्ये देशभरातल्या मृत्यूंचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाचे आयुष्य साधारण दहा वर्षांनी आणि विडी ओढणाऱ्या पुरुषाचे सहा वर्षांनी कमी होते, असे त्यात दिसले. विडी ओढणाऱ्या बाईची आठ वर्षे जातात. म्हणजे ज्या राज्यातून समितीचे अध्यक्ष निवडून गेले होते, त्याच राज्यातल्या लाखभर गावकऱ्यांच्या तोंडाची नोंद त्रेचाळीस वर्षे ग्रंथालयात पडून होती. ती समितीच्या टेबलावर कोणी ठेवली का? ठेवली असेल तर बाजूला कोणी सारली? आणि तिच्याऐवजी टेबलावर कोणाचे कागद होते? याची उत्तरे आपल्याला मिळायला हवीत.

समितीच्या अहवालाला बैठकांचे इतिवृत्त जोडतात, साक्षीला बोलावलेल्यांची नावे त्यात सापडतात, हे मला माहीत आहे. पण ज्यांनी सदस्यांच्या घरी जाऊन कागद दिले, ज्यांनी जेवणाच्या निमित्ताने विषय काढला, ज्यांनी एखाद्या सदस्याला तयार मजकूर लिहून दिला, त्यांची नोंद कुठेच होत नाही. धोरण बदलते ते बहुतेक वेळा या दुसऱ्या वाटेने.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगते. जुलै २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने नियम लागू करायला सांगितले. सरकारने १ एप्रिल २०१६ ही नवी तारीख जाहीर केली. मार्च २०१६ मध्ये त्याच समितीने अंतिम अहवालात ८५ ऐवजी ५० टक्के पुरे, असे सुचवले. या वेळी सरकार ठाम राहिले, आणि त्याचे श्रेय सरकारला द्यायलाच हवे. सिगारेट कंपन्यांनी कारखाने बंद ठेवले, दिवसाला ३५० कोटींचे नुकसान होईल असा दावा केला. प्रकरण न्यायालयांत फिरले. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये ८५ टक्क्यांचा नियम रद्द ठरवला, जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. आज पाकिटावर जे मोठे चित्र दिसते ते असे वर्षभराच्या उशिराने आले आणि पुढे न्यायालयाच्या आधारावर टिकले.

त्या एका वर्षाची किंमत काय, असे कोणी विचारेल. २०१६-१७ मध्ये देशभर प्रौढांच्या तंबाखूसेवनाचे सरकारी सर्वेक्षण झाले. पाकिटावरचे चित्र पाहून सोडावेसे वाटले, असे सिगारेट ओढणाऱ्या ६२ टक्के लोकांनी सांगितले. आधीच्या, २००९-१० च्या सर्वेक्षणात हे प्रमाण ३८ टक्के होते. विडी ओढणाऱ्यांत ते २९ वरून ५४ वर गेले. वाटणे आणि सोडणे यांत अंतर असते, हे मी रोज बघते. पण सोडण्याची सुरुवात वाटण्यापासूनच होते.

माझ्या खुर्चीत बसलेल्या माणसाला मी पहिल्यांदा एकच गोष्ट करायला सांगते: स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घाला. निरोगी माणसाची तिन्ही बोटे सहज जातात. मावा, गुटखा खाणाऱ्या विशी-पंचविशीतल्या मुलांची दोन जातात, काहींचे एकच. गालाची आतली बाजू पांढरी पडलेली असते, बोट लावले की चामड्याच्या पट्ट्यांसारखी ताठ लागते. सुपारीने तोंड आखडते आणि तंबाखू त्याच तोंडात पुढचे काम करते. ही मुले घरी भाकरी पाण्यात किंवा आमटीत कुस्करून खातात, तिखट सोसत नाही म्हणून आईला वेगळी भाजी करायला लावतात, आणि आईला कारण सांगत नाहीत. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी पुडी घेऊन तळहातावर मिसळली की गुटखा तयार होतो. माव्याला तर पाकीटच नसते, त्यामुळे चित्रही नसते. सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला राज्याने २०२० मध्ये मनाई केली, तरी टपरीवर ती सुटीच मिळते. पाकिटावरचे चित्र हा सगळ्या आजारावरचा उपाय आहे, असा माझा दावा नाही. पण त्या चित्रासारखा साधा, सरकारला एक रुपयाही खर्च नसलेला उपायसुद्धा एवढ्या ओढाताणीनंतर येत असेल, तर अवघड उपायांचे काय होत असेल?

दुसरी बाजू मला अजिबात परकी नाही. माझ्या दवाखान्यापासून थोड्या अंतरावर शहराचा पूर्व भाग सुरू होतो. दुपारी तिथल्या कोणत्याही बोळातून गेले तरी उंबऱ्यावर, ओट्यावर बसून विड्या वळणाऱ्या बायका दिसतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पाने. पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने पान कापायचे, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचे, दोऱ्याचे दोन वेढे द्यायचे, टोक नखाने आत दाबायचे. तेलुगूत गप्पा चालू असतात, हाताकडे कोणी बघतही नाही. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, आणि कारखान्यात माल देताना नापास झालेल्या विड्या त्यातून वजा होतात. त्यांचे दात बघायला त्या माझ्याकडे येतात, तेव्हा बोटांची टोके काळपट पिवळी असतात. या बायकांचे पोट कसे चालणार, हा प्रश्न खरा आहे. तो विचारणारा कोणीही माझा विरोधक नाही.

पण त्यांच्या नावाने जेव्हा दिल्लीत निवेदन जाते, तेव्हा ते कोण नेते, हे बघा. पाकिटावरचे चित्र मोठे होणार म्हटल्यावर विडी कामगारांचे हाल सगळ्या टेबलांवर मांडले गेले. विडी कामगारांच्या दवाखान्यांसाठी, मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी, घरांसाठी १९७६ च्या कायद्याने विडीवर कल्याण उपकर होता. जीएसटी आला तेव्हा, १ जुलै २०१७ पासून, तो उपकर गेला. विडी कामगाराच्या थेट उपयोगाचा पैसा बंद झाला. कामगार संघटना बोलल्या. मालकवर्गाने त्यासाठी काम थांबवल्याचे मला आठवत नाही. जुन्या उत्पादन शुल्काच्या काळात वर्षाला २० लाखांपर्यंत हातविड्या करणाऱ्या छोट्या उत्पादकाला शुल्क माफ होते. लहान माणसाच्या नावाने दिलेली सवलत खरोखर लहान माणसाकडे किती जाते, हे तपासण्याची आपल्याकडे रीत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने विडीवरचा कर २८ वरून १८ टक्के आणि तेंदूपत्त्यावरचा १८ वरून ५ टक्के करण्याचा निर्णय जाहीर केला. हे कामगारांसाठी केले असेल तर हजार विड्यांमागची मजुरी किती वाढली, हेही त्याच दमात जाहीर व्हायला हवे होते. या सवलतीसाठी कोणी कोणी निवेदने दिली, त्यांत किती कामगारांच्या संघटना होत्या आणि किती उत्पादकांच्या, हे मी कुठे वाचू?

हितसंबंधी गटांनी सरकारवर दबाव आणूच नये, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे लोकशाहीच्या विरुद्ध होईल. ६ एप्रिल १९८१ ला निपाणीत तंबाखूला भाव मागणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, १२ शेतकरी गेले. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली ते पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले होते. तोही हितसंबंधच होता, आणि तो भर रस्त्यात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मांडलेला होता. आमच्या शहराबाहेर कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी आहे, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. नरसय्या आडम मास्तरांच्या संघटनेने वर्षानुवर्षे मोर्चे काढले, केंद्राकडून आणि राज्याकडून पैसे मिळवले, आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंगांच्या हस्ते त्या घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. धोरणावर प्रभाव टाकण्याचे याहून चांगले उदाहरण मला सांगता येणार नाही. लाल बावटा घेऊन कलेक्टर कचेरीवर गेलेली बाई कोण आहे, काय मागते आहे आणि ते मिळाल्याने तिचा काय फायदा होणार आहे, हे शहरातल्या प्रत्येकाला दिसत होते. कोणाला विरोध करायचा असता तर करता आला असता.

डॉक्टरांनीही दबाव आणलाच. टाटा मेमोरियलचे डॉ. पंकज चतुर्वेदी आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे रुग्णांना घेऊन लोकप्रतिनिधींना भेटत आले. मीही अशा निवेदनांवर सह्या केल्या आहेत. आमच्या डॉक्टरी संघटनांच्या परिषदांना औषध कंपन्यांचा, टूथपेस्ट कंपन्यांचा पैसा असतो, हे उघड आहे. तर मग आमच्या निवेदनाखालीही पैसा कोणाचा, हे छापले जावे. जो नियम मी विडी उत्पादकाला लावायला सांगते, तो माझ्या व्यवसायाला आधी लावा.

आता सध्याच्या व्यवस्थेत काय आहे ते बघू. राज्यसभेत नियम २९३ नुसार सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही ठेवतात. कंपनीतले संचालकपद, नियमित मोबदल्याचे काम, नियंत्रण राहील इतका भागहिस्सा, पैसे घेऊन दिलेला सल्ला आणि व्यावसायिक काम, अशा पाच गोष्टी सदस्याने त्यात लिहायच्या. लोकसभेत अशी नोंदवही नाही. लोकसभेच्या नियम २५५ मध्ये एवढेच आहे की, समितीतल्या एखाद्या सदस्याचा विषयाशी वैयक्तिक, आर्थिक किंवा थेट आणि इतका निकटचा संबंध असेल की त्यामुळे विचारावर परिणाम होईल, तर त्याच्या नावाला हरकत घेता येते, आणि लोकसभेचे अध्यक्ष त्यावर निर्णय देतात. हरकत घ्यायची तर आधी संबंध माहीत हवा. तो लिहिलेलाच नसेल तर हरकत कोण घेणार? आणि बाकावर शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याविरुद्ध हरकत घ्यायला तोंड किती जणांना असते?

निवडणुकीच्या वेळी आम्ही प्रतिज्ञापत्र देतोच, असे आपण म्हणाल. ते पाच वर्षांत एकदा दिले जाते. त्यात मालमत्तेची यादी असते. पण कोणत्या समितीत कोणत्या विषयावर बोलताना त्यातली कोणती मालमत्ता आड येते, हे कोणी जुळवून बघत नाही. मधल्या काळात घेतलेली सल्लागारपदे त्यात येत नाहीत.

तंबाखूपुरते बोलायचे तर भारताने जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराला २००४ मध्येच मान्यता दिली आहे. त्याच्या कलम ५.३ नुसार सार्वजनिक आरोग्याचे धोरण तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून सुरक्षित ठेवायचे आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्यासाठी २०२० मध्ये आपल्या अधिकाऱ्यांसाठी आचारसंहिता काढली. ती मंत्रालयाच्या दारापर्यंत चालते. अर्थ, वाणिज्य, कृषी खात्यांच्या दारात आणि संसदीय समितीच्या खोलीत ती संपते. तिथे नेमके तेच लोक ये-जा करू शकतात, ज्यांना आरोग्य मंत्रालयात शिरता येत नाही.

आणि याचा इतिहास २०१५ ला सुरू झालेला नाही. चित्रमय इशारे पहिल्यांदा २००६ मध्ये अधिसूचित झाले. त्यात कवटी आणि हाडे होती. तारखा एकामागून एक पुढे गेल्या, मंत्रिगट बसला, २००७ मध्ये कायदाच दुरुस्त करून कवटी ऐच्छिक केली गेली, आणि चित्रे प्रत्यक्ष आली ३१ मे २००९ ला. तेव्हा खाण्याच्या तंबाखूच्या पुडीवर विंचवाचे चित्र होते. खेड्यातल्या माणसाला विंचू आणि गालातली गाठ यांचा संबंध लागत नसे. मला रुग्णांनी विचारले आहे की बाई, यात विंचू पडला होता का? तो विंचू कोणत्या खोलीत, कोणाच्या समाधानासाठी निवडला गेला, याची नोंद कोणालाच दाखवता येणार नाही.

याहून मोठी नामुष्की २०१२ ची. वॉलमार्ट कंपनीने २००८ पासून अमेरिकी लोकप्रतिनिधींचे मन वळवण्याच्या प्रयत्नांवर सुमारे १२५ कोटी रुपये खर्च केले, त्यात भारतीय बाजारपेठेत प्रवेश मिळवण्याचा विषयही होता, हे आपल्या संसदेला कळले ते अमेरिकेतल्या सार्वजनिक नोंदीवरून. तिथे १९९५ च्या कायद्याने अशी माहिती दर तिमाहीला द्यावी लागते. आपल्याकडे गोंधळ झाला, निवृत्त न्यायमूर्तींची चौकशी समिती नेमली गेली, आणि हाती ठोस काही लागले नाही. लागणार कसे? भारतात कोण कोणाला भेटले याची वहीच नव्हती. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, ओडिशाचे खासदार कलिकेश नारायण सिंगदेव यांनी असे व्यवहार जाहीर करायला लावणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. ते तसेच राहून गेले.

चिलीने २०१४ मध्ये कायदा केला. तिथे मंत्री आणि अधिकारी कोणाला भेटले, कोणत्या विषयावर भेटले, कोणाच्या खर्चाने प्रवास केला, काय भेटवस्तू घेतल्या, हे सगळे जाहीर करावे लागते. आयर्लंडने २०१५ मध्ये अशीच सार्वजनिक नोंद सुरू केली. यात कोणाच्या भेटीला बंदी नाही. फक्त भेट झाली, एवढे लिहायचे आहे.

आपल्यापैकी बरेच जण साखर कारखान्यांशी संबंधित आहात. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये २९ वरून ३१ रुपये झाला, तो पुन्हा वाढवा ही कारखान्यांची मागणी आपणच दिल्लीत लावून धरता. इथेनॉलचा दर, निर्यातीचा कोटा, हे विषयही आपण मांडता. उसातले ज्याला कळते त्याने उसावर बोलूच नये, अशी अट घातली तर सभागृहात मांडणीच कच्ची होईल. मला ती अट नको आहे. बोलण्याआधी ‘माझा या कारखान्याशी हा संबंध आहे’ एवढे लिहून ठेवावे, आणि साखरेच्या दरावर निर्णय किंवा अहवाल तयार करणाऱ्या समितीत मतदानाच्या वेळी बाजूला बसावे. आपल्यातल्या प्रामाणिक माणसाला याचा फायदाच आहे. आज त्याने शेतकऱ्याच्या बाजूने तळमळीने मांडलेला मुद्दासुद्धा कारखान्यासाठी मांडला असेल, असे लोक गृहीत धरतात.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पक्षाला पैसा कोण देतो हे कळणे हा मतदाराच्या माहितीच्या हक्काचा भाग आहे, कारण पैसा देणारा धोरणापर्यंत पोहोचू शकतो. पक्षाच्या बाबतीत जे खरे, ते समितीच्या खोलीच्या बाबतीत अधिक खरे आहे. तिथे धोरण थेट हातात असते.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत, आणि त्या प्रत्येकीवर आपण काही करू शकता.

पहिली, लोकसभेत राज्यसभेसारखी, पण इंटरनेटवर सर्वांना वाचता येईल अशी हितसंबंधांची नोंदवही सुरू व्हावी, यासाठी आपण लोकसभा अध्यक्षांना संयुक्त पत्र द्यावे. नियम करण्याचा अधिकार सभागृहाचा आहे, त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. आणि ती नोंदवही सुरू होईपर्यंत आपण स्वतःची माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर टाकावी. त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

दुसरी, आपण ज्या समितीत आहात, तिथे विषय सुरू होण्यापूर्वी प्रत्येक सदस्याने आपला संबंध तोंडी सांगून इतिवृत्तात नोंदवावा आणि थेट आर्थिक संबंध असेल तर त्या विषयापुरते बाजूला व्हावे, असा आग्रह धरावा. अहवालाच्या शेवटी परिशिष्ट असावे: कोणी लेखी निवेदन दिले, कोणाच्या वतीने दिले, त्या संघटनेला पैसा कुठून येतो, आणि बैठकीबाहेर कोण कोण सदस्यांना भेटले. कामगार संघटना, उत्पादक संघटना, डॉक्टर, शेतकरी, सगळ्यांची नावे एकाच यादीत, एकाच टाइपात.

तिसरी विनंती विडी कामगारांसाठी आहे. त्यांच्या नावाने यापुढे कोणतीही करसवलत किंवा नियमातली सूट मागितली गेली, तर मजुरीच्या पावत्या आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी सोबत मागा. बोलणी सुरू असताना त्या बायकांपैकी कोणाला तरी समोर बसवा आणि तेलुगू समजणारा दुभाषी ठेवा. विडी सोडून दुसरे काम शिकायची किती जणींची तयारी आहे आणि त्यासाठी त्यांना काय लागेल, हे त्यांनाच विचारा. मी विचारले आहे. त्यांना शिवणयंत्रापेक्षा मुलीच्या नर्सिंगच्या फीची काळजी जास्त आहे.

हे पत्र मी आपल्या प्रत्येकाच्या मतदारसंघातल्या कार्यालयात टपालाने पाठवते आहे. या तीन विनंत्यांपैकी कशाला आपला पाठिंबा आहे आणि कशाला नाही, ते येत्या अधिवेशनाआधी लेखी कळवावे. विरोध असेल तर कारणासह कळवावे. ते कारण आपल्या नावासकट, एक शब्दही न बदलता, मी लोकांपुढे ठेवीन.

आपली नम्र,
सोलापूरची एक दंतवैद्यक